मोटारीच्या पुढील चाकांचे ब्रेक पॅड घरीं बदलणें

ज्या घरांपुढें पूर्वीं दोन-दोन बैलजोड्या दावणीस असत, तेथें आज एखादी चारचाकी मोटार उभी असलेली सर्रास दिसते. मंडईस जाणें, बँकेचें काम, मुलांची शाळा, आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, हीं सारीं कामें तिजवर होतात. परंतु बैलाच्या खुरांची, खांद्याची व पोटाची चौकशी रोज करणारा शेतकरी मोटारीची चौकशी ती बंद पडल्यावांचून करीत नाहीं. इंजिन बंद पडलें तर गाडी रस्त्यावर उभी राहते, एवढेंच नुकसान. ब्रेक निकामी झाला तर ती उभीच राहत नाहीं. विहिरीवरील पंपाचें पॅकिंग बदलणाऱ्या व नांगराचे फाळ स्वतः चढविणाऱ्या माणसास पुढील चाकांचे ब्रेक पॅड बदलणें मुळींच अशक्य नाहीं. आणि बदलण्याहून ते केव्हां बदलावे हें स्वतःच्या डोळ्यांनीं ठरवितां येणें अधिक महत्त्वाचें आहे. या दोन्ही गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे. विवेचन पुढें डिस्क व मागें ड्रम ब्रेक असलेल्या लहान मोटारींपुरतें समजावें.

पुढील चाकांवरच एवढा भर कां, हें बैलगाडी हांकलेल्या माणसास समजावून सांगावें लागणार नाहीं. उतारावर भरलेल्या गाडीचा सारा रेटा जुवांतून बैलांच्या मानेवर येतो. मोटारीचा ब्रेक दाबला म्हणजे तोच प्रकार सपाट रस्त्यावरहि होतो. गाडीचें नाक खालीं दबतें, पुढील चाकें जमिनीवर घट्ट बसतात आणि मागील चाकें हलकीं होतात. त्यामुळें गाडी थांबविण्याच्या कामाचा दोन तृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक वांटा पुढील दोन चाकांस उचलावा लागतो.

हें काम म्हणजे गति मारून तिची उष्णता करणें होय. माणसांसह एक हजार किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेनें एक लिटर पाणी सुमारें ३३ अंशांनीं तापेल. हें एका थांबण्याचें झालें. आतां तीच गाडी घाटानें ३०० मीटर उंची खालीं उतरत आहे असें धरा. इंजिनाचा व वाऱ्याचा अटकाव हिशेबांत न घेतां ती केवळ ब्रेकवर उतरविली, तर जी उष्णता होईल तिनें तीस अंशांचें दहा लिटर पाणी उकळीस येईल. यांतील बहुतेक उष्णता तळहातांत मावतील अशा चार पॅडांच्या तोंडाशीं उत्पन्न होते. कुंभार्ली, वरंधा किंवा आंबा घाट उतरतांना जो मनुष्य गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वांचवितो, तो चार आण्यांसाठीं पॅड, चकती व कुटुंब तिन्ही पणास लावतो. चढण्यास जो गियर लागेल त्याच गियरांत उतरावें, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजहि खराच आहे.

या पॅडाचें मूळहि गाडीवाल्यांतच सांपडतें. इंग्लंडांतील डर्बीशायर हा डोंगराळ मुलूख. तेथील घोडागाड्यांस उतारावर चाकाच्या धावेवर दाबला जाणारा लाकडी ठोकळा असे. कांहीं गाडीवाले त्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचें चामडें बसवीत, तें पाहून हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थास घर्षणासाठीं निराळें अस्तर करण्याची कल्पना सुचली, असें सांगतात. त्यानें १८९७ सालीं हा धंदा काढला. त्यांतून निघालेलें फेरोडो हें नांव पॅडांच्या खोक्यांवर अद्याप दिसतें. फिरत्या चकतीस दोहों बाजूंनीं चिमटा घेण्याच्या ब्रेकचें पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ मध्यें घेतलें होतें. पण १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीनें अशा ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हां कोठें मोटार-धंद्याचें तिकडे लक्ष गेलें. आपल्याकडील अँबॅसडर गाडीस प्रथम चारी चाकांस ड्रमच असत. ओढ्यांतून बाहेर पडल्यावर ब्रेक कांहीं वेळ लागत नसे, हें त्या गाड्या चालविलेल्यांस आठवत असेल. उघड्या चकतीवरील पाणी चटकन उडून जातें, हा तिचा मोठा गुण आहे.

आतां रचना पाहूं. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, तिच्या दोहों बाजूंस एकेक पॅड, आणि दोन्ही पॅडांवर चिमट्यासारखा बसलेला कॅलिपर, एवढाच हा सरंजाम आहे. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर पक्का बसविलेला घर्षण-पदार्थाचा थर. कॅलिपरच्या आंतल्या अंगास एक पिस्टन असतो. पायाच्या दाबानें ब्रेक ऑइल पिस्टनास ढकलतें, पिस्टन आंतला पॅड चकतीवर दाबतो, व त्याच्या उलट रेट्यानें सारा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूनें ओढून आणतो. या दोन पिना मोकळ्या सरकल्या पाहिजेत, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. त्या गंजून धरल्या तर जोडींतील एका बैलानें अंग चोरावें तसें होतें; बाहेरचा पॅड नव्यासारखा राहतो आणि आंतला एकटा झिजून पत्र्याला लागतो. पॅड जसजसा झिजतो तसतसा पिस्टन बाहेर येतो व इंजिनाजवळील डबींतील ऑइलची पातळी थोडी थोडी उतरते. म्हणून ऑइल कमी दिसतांच वर ओतून मोकळें होऊं नये. प्रथम पॅड पाहावे आणि कोठें गळती आहे काय हेंहि पाहावें.

नव्या पॅडावर घर्षणाचा थर बहुधा १० मिलीमीटरच्या आसपास असतो. पत्रा सोडून तो ३ मिलीमीटर उरला म्हणजे नवा संच आणण्याची वेळ झाली असें समजावें. पुष्कळ पॅडांस एक लहान पोलादी जीभ असते. थर संपत आला कीं ती चकतीस टेकून कर्कश शीळ घालते. ही शीळ म्हणजे पहिली नोटीस. त्यानंतर खरखर घासल्याचा आवाज येऊं लागला तर पत्रा चकतीस लागला असें निश्चित समजावें. आमच्या शेजारच्या गांवच्या एका द्राक्षबागायतदारानें ऐन छाटणीच्या गर्दींत ती शीळ दोन महिने ऐकून घेतली. सवड मिळाली तेव्हां चकतीवर नांगराच्या तासांसारखे चर पडले होते. जें काम बहुधा हजार-दोन हजार रुपयांच्या पॅडांत भागलें असतें, त्यास दोन चकत्यांची भर पडली. आणि त्याहून वाईट म्हणजे बाजाराच्या दिवशीं नाक्यावर गाडी थांबावी तेथें न थांबतां पुढील ट्रॉलीस जाऊन भिडली. कोणास इजा झाली नाहीं, हें त्याचें नशीब.

याच्या उलटहि प्रकार घडतो. शहरांतील एका गॅरेजांत माझ्या गाडीचे पॅड "संपले" म्हणून मला सांगण्यांत आलें. मीं चाक उतरवून ठेवण्यास सांगितलें व खिशांतील पोलादी पट्टी लावून पाहिली. चारी पॅडांवर ६ मिलीमीटर थर शिल्लक होता. गाडी तोंवर २४,००० किलोमीटर चालली होती. म्हणजे ४ मिलीमीटर झिजण्यास २४,००० किलोमीटर लागले. दर मिलीमीटरास ६,००० पडले. आणि ३ मिलीमीटरवर बदलावयाचे तर अजून १८,००० किलोमीटर बाकी होते. ते पॅड पुढें १७,००० किलोमीटर चालले. महसूल खात्यांत नोंदींवर आयुष्य घालविलेल्या माणसाची ही खोड कोणास हास्यास्पद वाटेल, परंतु एका वहींत तारीख, किलोमीटरचा आंकडा व चारी पॅडांची जाडी दर सहा महिन्यांनीं टिपून ठेवण्यास अर्धा तासहि लागत नाहीं, आणि मग आपणांस घाबरविणें किंवा गाफील ठेवणें कोणास साधत नाहीं. दुसऱ्याच्या गाडीचा आंकडा मात्र आपल्या गाडीस लावूं नये. सपाटीवरच्या व घाटांतल्या गाडीच्या झिजेंत मोठें अंतर पडतें. चाकाच्या फटींतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आंतल्याची खात्री चाक उतरविल्यावांचून होत नाहीं.

पॅड विकत घेतांना गाडीचें मॉडेल व सन नीट सांगावा, आणि खोक्यावर अॅस्बेस्टॉसरहित असा उल्लेख पाहावा. पूर्वीं पॅडांत अॅस्बेस्टॉस सर्रास असे, व त्याची बारीक धूळ फुप्फुसांस घातक असते. कोणत्याहि पॅडाची धूळ तोंडानें किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनें उडवूं नये; ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. संच दोन्ही पुढील चाकांचा एकदम घ्यावा. एकाच चाकाचे पॅड बदलले तर ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास ओढते.

कामास जागा निवडतांना फार विचार करावा. कारण या सबंध कामांत जीवावरचा धोका असेल तर तो गाडी खालीं येण्याचा. शेताच्या बांधावर किंवा काळ्या जमिनीच्या खळ्यावर जॅक लावूं नये. वरून टणक दिसलेली काळी माती वजनाखालीं दबते व जॅक कलतो. फरशी किंवा सिमेंटचा ओटा उत्तम. तो नसेल तर मुरमाच्या जागीं जॅकखालीं जाड फळी घालावी. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, पहिला गियर घालावा, व मागील दोन्ही चाकांस पुढून-मागून दगड किंवा लाकडी उटी लावावी. चाकाचे नट चाक जमिनीवर असतांनाच पाव फेरा सैल करावे. नंतर गाडीच्या पुस्तकांत दाखविलेल्या जागीं जॅक लावून ती उचलावी, आणि लगेच तिच्याखालीं लोखंडी जॅक-स्टँड देऊन भार त्यावर घ्यावा. जॅक उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. विटा रचून टेकू देण्याची जी रीत सर्वत्र दिसते ती सोडावी. वीट भार सोसतां सोसतां एकदम फुटते. काढलेलें चाक गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून ठेवावें, म्हणजे दैवयोगानें स्टँड हललाच तरी गाडी त्यावर टेकेल. मुलांस तेवढा वेळ लांब ठेवावें.

एका वेळीं एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून पाहावयास राहते. स्टिअरिंग वळवून कॅलिपर हातासमोर आणावा. त्याच्या मागील अंगास पिनांचे दोन बोल्ट दिसतील. बहुतेक लहान गाड्यांत खालचा एक बोल्ट काढला कीं कॅलिपर झाकणासारखा वर उचलतां येतो. कांहीं गाड्यांत दोन्ही काढावे लागतात. तसें झाल्यास कॅलिपर तारेनें वरच्या स्प्रिंगेस बांधून ठेवावा. तो आपल्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवणें फार वाईट. नळी आंतून दुखावते, बाहेरून कांहीं दिसत नाहीं, आणि पुढें भर घाटांत ती दगा देते. चाकाजवळ बारीक विजेची तार आलेली असेल तर ती ए.बी.एस.ची समजून तिला ताण पडूं देऊं नये.

जुने पॅड बाहेर सरकवून निघतात. त्यांची झीज न्याहाळावी. आंतला व बाहेरचा यांत मोठा फरक असेल, किंवा एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर दोष पिनांत किंवा पिस्टनांत आहे, आणि तो शोधल्यावांचून नवे पॅड घालणें व्यर्थ आहे. पिना ओढून काढाव्या, पुसाव्या, व ब्रेकसाठीं मिळणारें सिलिकोन ग्रीस पातळ लावून परत बसवाव्या. ट्रॅक्टरच्या ग्रीसगनमधील ग्रीस येथें चालत नाहीं. त्यानें रबर फुगतें व पिना पुन्हा धरतात. पॅड ज्या पातळ पोलादी पट्ट्यांवर सरकतात, त्या तारेच्या ब्रशानें स्वच्छ कराव्या. चकती हातानें फिरवून पाहावी. तिजवर किमान जाडीचा आंकडा कोरलेला असतो. व्हर्नियरनें मोजून ती त्याहून कमी भरली, किंवा तडा दिसला, तर चकती बदलावयास हवी.

नवे पॅड जाड असल्यामुळें बाहेर आलेला पिस्टन आंत ढकलावा लागतो. तत्पूर्वीं ऑइलच्या डबीचें झांकण काढून खालीं फडकें पसरावें, कारण पिस्टन मागें जातांच डबींतील पातळी वर चढते. मध्यंतरीं कोणी वर ऑइल ओतलें असेल तर तें उतूं जातें व जेथें पडेल तेथील रंग खातें. पातळी फार वर आली तर स्वच्छ पिचकारीनें थोडें काढून घ्यावें. पिस्टनावर जुना पॅड आडवा धरून सुताराच्या शिकंज्यानें सावकाश दाब द्यावा. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पिस्टन रेटूं नये. त्याभोंवतालचा रबरी पडदा फाटला कीं आंत पाणी व धूळ शिरते. पिस्टन बेताच्या दाबानें मागें गेला नाहीं तर काम तेथेंच थांबवून जाणत्या कारागिरास दाखवावें.

नव्या पॅडाची घर्षणाची बाजू चकतीकडे, शीळ घालणारी जीभ जुन्या पॅडावर ज्या जागीं होती त्याच जागीं. हें सांगणें अनावश्यक वाटेल, पण पॅड उलटे बसविल्याचीं उदाहरणें खरोखर घडलेलीं आहेत. पॅडाच्या तोंडास किंवा चकतीस तेलकट हात लागूं देऊं नयेत. लागलाच तर चकती ब्रेक क्लीनरनें पुसावी. कॅलिपर खालीं आणून बोल्ट आवळावा. हा बोल्ट लहान असतो. पान्यास लांब पाईप घालून पिळला तर आटे जातात. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावे, व गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा एकदां पक्के करावे.

यानंतरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पिस्टन मागें ढकललेला असल्यामुळें ब्रेकचा पहिला दाब पोकळ जातो. पाय थेट तळास टेकतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वींच ब्रेक पुनःपुन्हा दाबून तो पायाखालीं घट्ट लागेल असें करावें, ऑइलची पातळी खुणांच्या मध्यें आहे हें पाहावें, आणि मगच गाडी हलवावी. हें न करतां गाडी मागें घेतल्यानें गोठ्याची भिंत पडलेली मीं पाहिली आहे. गोठ्यांत त्या वेळीं गुरें नव्हतीं.

ब्रेक ऑइलविषयीं शेतकऱ्यांस वेगळें सांगितलें पाहिजे. ट्रॅक्टरचे ब्रेक तेलांत बुडालेले असतात, म्हणून घरांतील ट्रॅक्टरचें तेल मोटारीच्या ब्रेकच्या डबींत ओतण्याचा मोह होतो. हा मोह सर्वनाशी आहे. खनिज तेलानें या यंत्रणेंतील सारे रबरी वायसर फुगतात व सबंध ब्रेक निकामी होतो; मग एकूण एक रबरी भाग बदलावे लागतात. झांकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें जें लिहिलेलें असेल तेंच ऑइल, तेंहि सीलबंद डब्यांतील, वापरावें. हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. नवें डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शोषलेल्या ऑइलास नियमाप्रमाणें १४० अंशांची हमी पुरते. डॉट ४ चे हेच आंकडे २३० व १५५ आहेत. घाटांत तापलेल्या ब्रेकमध्यें ऑइल उकळलें तर त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाचा दाब ते बुडबुडे दाबण्यांतच खर्ची पडतो. कोंकणासारख्या दमट हवेंत तर दोन वर्षांनीं तें बदलून घेण्यांत कुचराई करूं नये. तें काम गॅरेजांत करवावें, कारण त्यांत नळ्यांतील हवा पुरती काढावी लागते.

नवे पॅड चकतीशीं जुळण्यास थोडा वेळ द्यावा. मोकळ्या रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटर वेगावरून हलक्या पायानें वेग दहापर्यंत उतरवावा, मग गाडी थोडी चालूं देऊन चकती निववावी, व असें वीस-तीस वेळां करावें. पहिले दोन-तीनशें किलोमीटर जोराचा ब्रेक, भरलेली गाडी व घाट हीं टाळतां आल्यास टाळावीं. मूल आडवें आलें तर अर्थातच जोरानें दाबावा. पन्नास-शंभर किलोमीटरांनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावे.

ब्रेक दाबला असतां पाय हळूहळू खालीं जात राहणें, चाकाच्या आंतल्या बाजूस ओल दिसणें, डॅशबोर्डावरील ब्रेकचा लाल दिवा न विझणें, यांपैकीं कांहींहि आढळलें तर घरगुती इलाज करूं नये. अशी गाडी चालवीत गॅरेजांत नेऊं नये, आणि दोरखंडानें ट्रॅक्टरमागें बांधूनहि नेऊं नये. मागच्या गाडीस ब्रेक नसेल तर उतारावर ती ट्रॅक्टरवरच येऊन आदळते. कारागिरास घरीं आणावें, किंवा मोटार-गाड्या वाहून नेणारें वाहन बोलावून तिजवर ती चढवून न्यावी.